कपाटातला जुना रेझर कोणाच्या हाती द्यावा?

दोन धारांचे पाते बसवायचा धातूचा सेफ्टी रेझर काही वर्षांपूर्वी जवळजवळ विस्मरणात गेला होता. आता तो पुन्हा घरोघरी दिसू लागला आहे. कुणी नातू आजोबांच्या डबीतला रेझर घासूनपुसून लखलखीत करतो, कुणी भेंडी बाजाराच्या चोर बाजारातून घासाघीस करून आणतो आणि वडिलांच्या पंच्याहत्तरीला भेट देतो. आमच्या नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली पिढी आजही मोठ्या संख्येने राहते. पहिल्या पाळीची वेळ गाठण्यासाठी पहाटे पाचला, चाळीच्या मोरीत, खिडकीला टांगलेल्या आरशात पाहून या मंडळींनी वर्षानुवर्षे याच रेझरने दाढी केली. त्यामुळे ही भेट त्यांना मनापासून आवडते, यात नवल नाही.

मात्र त्यानंतर दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, बाबांनी हा वापरला तर चालेल ना?" या प्रश्नाचे उत्तर रेझरकडे पाहून देता येत नाही. ते वापरणाऱ्याची औषधे, त्याची कातडी आणि त्याचा हात पाहून द्यावे लागते. रेझरची पारख त्यानंतरची. आजचा लेख याच क्रमाने वाचावा, ही विनंती.

प्रथम औषधांची यादी

साठी उलटलेल्या अनेकांच्या गोळ्यांच्या डबीत रक्ताची गुठळी होऊ न देणारे एखादे औषध असते. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही त्यांतली सर्वांत परिचित. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांना वॉरफरिन, एसिनोकुमारॉल यांसारखी अधिक प्रभावी औषधे दिली जातात. झडपेचा प्रश्न नसेल तर अलीकडे अपिक्साबॅन, रिवारोक्साबॅन, डॅबिगाट्रान हीही वापरली जातात. या औषधांमुळे लहानशा कापण्यातूनही रक्त अधिक वेळ वाहत राहते. घाबरण्यासारखे त्यात सहसा काही नसते, पण बेसिनमध्ये लाल पाणी दिसले की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचे उदाहरण सांगतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी त्यांना असेच औषध चालू होते. महिनाअखेरीस पाकिटात गोळ्या उरतात, हे त्यांच्या मुलीच्या लक्षात आले. चौकशी केली तेव्हा कळले, की दाढी करताना रक्त थांबत नाही म्हणून दाढीच्या आदल्या दिवशी ते गोळीच घेत नसत. आठवड्यातून दोनदा दाढी, म्हणून आठवड्यातून दोन गोळ्या कमी. गालावरचे रक्त थांबावे म्हणून ते मेंदूतल्या गुठळीचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका पत्करत होते. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. त्यांनी विजेवर चालणारा शेव्हर घेतला आणि गोळी रोज सुरू झाली.

या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे : दाढीसाठी औषध बदलायचे नसते, औषधासाठी दाढीचे साधन बदलायचे असते. वॉरफरिनसारखी प्रभावी औषधे चालू असतील तर उघड्या धारेचा मोह टाळावा आणि विजेचा शेव्हर घ्यावा. केवळ अ‍ॅस्पिरिन चालू असेल, हात स्थिर असेल आणि नजर चांगली असेल, तर सेफ्टी रेझर वापरण्यास बहुधा हरकत नसते; तरी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे. रक्तातील चपट्या पेशी कमी असणाऱ्यांनी आणि यकृताच्या जुनाट आजाराच्या रुग्णांनीही हीच काळजी घ्यावी.

कातडी आणि हात

वयानुसार त्वचा पातळ व कोरडी होते, तिच्याखालची चरबी कमी होते आणि गालांना, गळ्याला सुरकुत्या पडतात. पाते सपाट जागी नीट चालते, घडीत अडते. त्यातच मानेवर मस, चामखीळ, तीळ असे उंचवटे आलेले असतात, त्यांची टोके सहज छाटली जातात. मधुमेह आटोक्यात नसेल तर अशा बारीक जखमेतून केसांच्या मुळाशी पू होण्याचा संभव वाढतो.

येथे एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. दाढी करताना प्रत्येक वेळी एकाच जागी रक्त येत असेल, तेथे खपली धरते आणि पुन्हा निघते, अशी स्थिती तीन-चार आठवडे राहिली, तर त्याचा दोष रेझरला देऊन स्वस्थ बसू नये. त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार अशाच न भरणाऱ्या, मोत्यासारखी चमक असलेल्या गाठीच्या रूपाने चेहऱ्यावर दिसतो. वेळेत दाखवला तर तो बरा होतो.

हाताची परीक्षा घरच्या घरी करता येते. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला एका हाताने उचलून तोंडापर्यंत न सांडता नेता येतो का, ते पाहावे. पाणी सांडत असेल तर त्या हातात उघडे पाते देऊ नये. कंपवाताच्या रुग्णांनी गोळीचा परिणाम चांगला असतो, त्या वेळात दाढी करावी. सकाळी उठल्याउठल्या, पहिल्या गोळीपूर्वी करू नये. मोतीबिंदूमुळे अंधुक दिसत असेल तर शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबावे. पक्षाघातानंतर चेहऱ्याच्या एका बाजूची संवेदना कमी झालेली असेल, तर कापलेले कळतही नाही. अशांच्या बाबतीत रेझर कितीही चांगला असला तरी उत्तर 'नाही' असेच आहे.

जुना रेझर पारखताना

ज्यांना वरील अडचणी नाहीत, त्यांनी जुना रेझर आनंदाने वापरावा. किंग कॅम्प जिलेट यांनी बदलता येणाऱ्या पात्याचा रेझर १९०३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. दोन धारांच्या पात्याचे माप तेव्हापासून मुख्यतः तेच राहिले. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रेझरमध्ये आज कोपऱ्यावरच्या दुकानातले पाते बसते. आपल्या शेजारच्या ठाण्यातल्या विद्युत मेटॅलिक्सने 'सुपरमॅक्स' पाती देशोदेशी पोहोचवली, तीही याच मापाची. एका धारेच्या पात्याचे जुने रेझर मात्र घेऊ नयेत. त्यांची पाती सहज मिळत नाहीत आणि मग जुनेच पाते ओढत राहण्याचा मोह होतो.

जुन्या रेझरचे मुख्य प्रकार तीन. पहिला तीन तुकड्यांचा : दांडा, खालची पट्टी आणि वरची टोपी. यात बिघडण्यासारखे काही नाही आणि स्वच्छ करायला तो सर्वांत सोपा. उणीव एवढीच, की पाते बसवताना व काढताना बोटे धारेजवळ जातात. दुसरा प्रकार बुडाची कळ फिरवली की टोपीची दोन दारे उघडणारा, ज्याला फुलपाखरी रेझर म्हणतात. पाते अलगद ठेवता येते, म्हणून संधिवाताने आखडलेल्या बोटांना तो बरा पडतो. मात्र वर्षानुवर्षांचा साबण आत साचून त्याची यंत्रणा अडलेली असू शकते. तिसरा प्रकार धारेची तीव्रता आकड्यांनी कमीजास्त करता येणारा. तो घेतलाच तर सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवावा आणि तेथेच राहू द्यावा.

तिन्ही प्रकारांत पात्याखाली सलग सुरक्षापट्टी असलेला रेझर ज्येष्ठांनी निवडावा. काही जुन्या रेझरना सलग पट्टीऐवजी फणीसारखे दाते असतात. दाट, वाढलेल्या दाढीसाठी ते उपयोगी असले तरी सैल कातडीला ते त्रासदायक ठरतात. शिवाय रेझर पडून एखादा दाता वाकलेला असेल तर पाते तेवढ्याच जागी खोल जाते.

खरेदीला जाताना चष्मा, छोटे भिंग आणि वेष्टनातले एक नवे पाते बरोबर न्यावे. पाते बसवून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरावा. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर आलेली आणि पट्टीशी समांतर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर तो रेझर ठेवून द्यावा, मग किंमत कितीही कमी असो. फुलपाखरी रेझरची दोन्ही दारे एकाच वेळी, सारखी मिटली पाहिजेत. आटे घट्ट बसतात का, दांड्याला तडा आहे का, हे पाहावे. पितळेवर हिरवट कळंक हलका असेल तर तो निघतो. मात्र धातू खवलेखवले होऊन सुटत असेल, तर आत हलका जस्तमिश्रित धातू असण्याचा संभव असतो. तो रेझर दुरुस्त होत नाही. ज्यांना स्वस्त दागिन्यांमुळे किंवा घड्याळाच्या पट्ट्यामुळे खाज येते, त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. जुन्या रेझरवर बहुधा निकेलचाच मुलामा असतो, म्हणून त्यांनी क्रोमचा मुलामा असलेला किंवा नवा स्टीलचा रेझर पाहावा.

रेझर किती जुना, कुठल्या देशातला, डबी मूळची आहे की नाही, हे प्रश्न संग्राहकांचे आहेत. गालाला त्यांचे सोयरसुतक नसते. आपल्याला हवा तो मध्यम वजनाचा, जाड दांड्याचा आणि ओल्या हातातून न निसटणारा. दांडा बारीक असेल तर त्यावर रबराची नळी चढवून घ्यावी.

स्वच्छता, आणि ब्रशविषयी इशारा

दुसऱ्याच्या रेझरबरोबर आलेली पाती कोणत्याही स्थितीत वापरू नयेत. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे संसर्ग रक्तातून पसरतात. कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. याच कारणाने एका घरातल्या दोघांनीही एक रेझर वापरू नये. बाप-लेकांचे प्रेम इतर शंभर गोष्टींतून व्यक्त होऊ शकते.

आणलेला रेझर सुटा करून कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटे बुडवावा. जुन्या मऊ टूथब्रशने फटी घासाव्यात, धुवावे आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवून वाळवावे. हे काम गॅसच्या शेगडीपासून दूर करावे. देवाची उपकरणी उजळण्यासाठी आपण चिंच किंवा पितळ घासायची पूड वापरतो. रेझरवर हे प्रयोग करू नयेत. पातळ मुलामा निघून जातो. ब्लीचही वापरू नये. दांड्यात प्लास्टिक असेल तर उकळू नये.

रेझर जुना चालेल, ब्रश मात्र नवाच घ्यावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिका व ब्रिटन येथे जनावरांच्या केसांपासून बनवलेल्या, नीट निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स हा गंभीर रोग दोनशेहून अधिक सैनिकांना व नागरिकांना झाल्याची नोंद आहे. या रोगाचे बीजाणू कोरड्या स्थितीत दीर्घकाळ टिकून राहतात. आज हा धोका अत्यल्प आहे, पण कृत्रिम केसांचा नवा ब्रश थोड्या पैशांत मिळत असताना तो पत्करण्याचे कारणच काय?

दाढी करताना

दाढी आंघोळीनंतर करावी. केस पाण्याने मऊ झालेले असतात. उभे राहून करण्याऐवजी पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसावे, आरसा समोर आणि उजेड चेहऱ्यावर असावा. कवळी असेल तर ती तोंडात ठेवूनच दाढी करावी. गालांना आतून आधार मिळतो आणि निम्म्या सुरकुत्या आपोआप ताणल्या जातात. श्रावण पाळणाऱ्यांनी महिन्याची वाढलेली दाढी प्रथम कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करावी, मगच रेझर हाती घ्यावा.

साबणाचा फेस चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटे राहू द्यावा. रेझर कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरावा आणि दाब अजिबात देऊ नये. रेझरचे वजनच पुरेसे असते. प्लास्टिकच्या आधुनिक रेझरची सवय झालेला हात येथे चुकतो, कारण त्याला दाबण्याची सवय लागलेली असते. दुसऱ्या हाताने कातडी ताणून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, बोटभर लांबीचे छोटे फटके मारावेत. एकदाच फिरवावे. उलट्या दिशेने फिरवून मिळणारा गुळगुळीतपणा तरुणांना लखलाभ असो. ज्येष्ठांच्या गालावर थोडे खुंट राहिले म्हणून काही बिघडत नाही.

पाते चार-पाच दाढ्यांनंतर बदलावे. पूर्वी बोथट पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने घासून पुन्हा वापरत. तो काळ काटकसरीचा होता आणि पातीही पोलादाची, लवकर गंजणारी असत. आज त्याची गरज नाही. बोथट पाते कातडी ओढते आणि धारदार पात्यापेक्षा अधिक कापते.

दुसऱ्याची दाढी करून देताना

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची, सासऱ्यांची किंवा पतीची दाढी अनेक घरांत मुली, सुना आणि पत्नीच करून देतात. त्यांना माझा स्पष्ट सल्ला असा, की सेफ्टी रेझर वापरू नये. स्वतःची दाढी करताना गालाला जाणवणारा दाब हाताला लगेच कळतो. दुसऱ्याच्या गालावर ती जाणीव नसते, आणि रुग्णाने अचानक मान वळवली तर धार आडवी जाते. विजेचा शेव्हर अशा वेळी सर्वांत सुरक्षित. नाकाला प्राणवायूची नळी चालू असताना मात्र विजेचा शेव्हर वापरू नये, कारण ठिणगीचा धोका असतो. प्राणवायू आपल्या मनाने बंदही करू नये. तेथे साधा प्लास्टिकचा रेझर वापरावा. छातीत पेसमेकर असेल तर शेव्हर त्या जागेपासून वीतभर दूर राहील, एवढे पाहावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला शेव्हरची घरघर भीतिदायक वाटू शकते. आधी तो चालू करून त्यांच्या हाताच्या पाठीवर टेकवावा, मग गालाजवळ न्यावा. तरीही ते जुना रेझर मागत असतील तर पाते काढून तो त्यांच्या हाती द्यावा आणि ब्रशने फेस त्यांनाच लावू द्यावा. नावे विसरलेल्या माणसाचा हातही पन्नास वर्षांची ही सवय पुष्कळदा विसरलेला नसतो. ती दहा मिनिटे तो माणूस रुग्ण नसतो, आपली तयारी आपण करणारा घरातला पुरुष असतो. कपाटातल्या त्या रेझरचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

रक्त आले तर

स्वच्छ कापड किंवा गॉझ जखमेवर ठेवून घड्याळ लावून सलग दहा मिनिटे दाबावे. थांबले का, हे मधेमधे उचलून पाहू नये. धरू लागलेली गुठळी त्यामुळे सुटते. त्यानंतर ओली केलेली तुरटी हलकेच फिरवली तरी चालेल, मात्र प्रत्येकाची तुरटी वेगळी असावी. दोनदा दाबूनही रक्त वाहत राहिले तर दवाखाना गाठावा आणि औषधांची यादी बरोबर न्यावी. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

वापरलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नयेत. आपला कचरा हाताने वेगळा करणारी कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा असतो. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात पाती साठवावीत, डबा भरल्यावर चिकटपट्टीने बंद करावा आणि सफाई कर्मचाऱ्याच्या हाती सांगून द्यावा.

थोडक्यात

हात स्थिर, नजर स्वच्छ आणि रक्त पातळ ठेवणारे प्रभावी औषध नाही, अशा ज्येष्ठांनी सलग सुरक्षापट्टीचा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला जुना रेझर नव्या पात्यासह वापरावा. हात कापतो, नजर अधू आहे किंवा असे औषध चालू आहे, त्यांनी विजेचा शेव्हर घ्यावा. दाढी दुसरा कुणी करून देत असेल तर तेथेही शेव्हरच. प्राणवायू चालू असेल तर साधा प्लास्टिकचा रेझर. आणि वडिलांना जुना रेझर भेट देण्याचे मनात असेल, तर चोर बाजाराची वाट धरण्यापूर्वी त्यांच्या गोळ्यांची डबी एकदा उघडून पाहावी.